मोठ्या सरांचं तसराळं

मॅडम,

परवा आपल्या हॉस्पिटलात तुमची शोकसभा झाली. तुम्ही असतात तर मधेच उठून गेला असतात. वरच्या मजल्यावरचा तो हॉल, तुमच्या फोटोला झेंडूचा हार, शेजारी समई, आणि वक्त्यांच्या टेबलावर पाण्याचा जग आणि स्टीलचा एकच पेला. एकच! जो उठेल तो त्याच पेल्याला तोंड लावून पाणी पीत होता. मला हसू आवरेना, आणि मग रडू आवरेना. माझ्या जागी आता इन्फेक्शन कंट्रोल बघते ती नवी सिस्टर शेजारी बसली होती. तिनं रुमाल पुढे केला. तिला वाटलं, बाई मॅडमसाठी रडतेय. मी रागानं रडत होते. तुमच्यावरच्या रागानं.

मग मोठे सर उठले. आता काठी लागते त्यांना, पण माइक हातात आला की आवाज तोच, ऑपरेशन थिएटर दणाणून सोडणारा. म्हणाले, "डॉक्टर शालिनी आणि मी, आम्ही दोघांनी मिळून ह्या हॉस्पिटलला हात धुवायला शिकवलं." लोकांनी टाळ्या वाजवल्या. शोकसभेत टाळ्या! आणि दोघांनी मिळून म्हणे. माझी कानशिलं तापली. अहो, ज्या माणसाचं तसराळं काढायला तुम्हाला एका गरीब बाईचा बळी द्यावा लागला, तो माणूस तुमच्या फोटोशेजारी उभा राहून अर्धं श्रेय घेऊन गेला, आणि तुम्ही फोटोत आपल्या हसताय.

तुम्ही मला पहिल्यांदा कधी भेटलात, आठवतं? नव्वदच्या दशकाची सुरुवात असेल. मी बाळंतिणींच्या वॉर्डाची सिस्टर, येवल्याहून आलेली, तोंडानं फटकळ, हाताखालच्या पोरी माझ्या सावलीला घाबरायच्या. तुम्ही लॅबच्या नव्या डॉक्टरीणबाई. लॅब म्हणजे काय, तर जिन्याखालची खोली, शेजारी धुण्याच्या चादरींचा ढीग. एके सकाळी तुम्ही काचेच्या चपट्या डब्या घेऊन वॉर्डात आलात आणि म्हणालात, "सिस्टर, ह्यावर जरा बोटं टेकवा." मी टेकवली. म्हटलं, असेल काहीतरी सरकारी सर्वे. दोन दिवसांनी तुम्ही तीच प्लेट माझ्या टेबलावर आणून ठेवलीत. माझी पाचही बोटं त्यावर उगवली होती! पांढरे, पिवळे ठिपके, अगदी बोटांच्या आकारात. मला त्या दिवशी जेवण गेलं नाही.

तुम्ही मात्र खुशीत. "किळस कशाला करतेस गं, ह्याला फक्त पाणी आणि साबण लागतो. तुझ्या वॉर्डात नळ कुठंय?"

नळ होता वॉर्डाच्या पार टोकाला, संडासाला लागून. तो आया आणि नातेवाइकांसाठी. डॉक्टर लोक काही तिथवर जात नसत. त्यांच्यासाठी तसराळं होतं.

आजच्या पोरींना सांगितलं तर खरं वाटत नाही. चाकांचा लोखंडी स्टँड, त्यावर निळ्या काठाचं पांढरं इनॅमलचं तसराळं, त्यात औषधी पाणी. मोठ्या सरांचा राउंड निघाला की तो स्टँड त्यांच्या मागे चालायचा. ढकलायची कमलमावशी, आमच्या वॉर्डाची आया. आणि मी डाव्या हातावर इस्त्रीचा नॅपकिन टाकून मावशीच्या शेजारी. सरांनी पेशंट तपासला की न बघता हात मागे करायचे, तसराळं तिथं हवंच. बुडवले, झटकले, की मी नॅपकिन पुढे करायचा. लग्नात विहीणबाईंचे पाय धुतात ना, तो थाट. सरांनंतर त्यांचे असिस्टंट, मग त्यांच्या खालचे, मानाप्रमाणे सगळे त्याच पाण्यात हात बुडवणार. शिकाऊ पोरांना नॅपकिनसुद्धा नाही, ते बिचारे कोटाला पुसायचे. आणि नाशकातल्या सगळ्या हॉस्पिटलांत अशी किंवा असल्याच जातीची काहीतरी पद्धत. कुणाला त्यात वावगं वाटायचं नाही. मलाही नाही. उलट माझ्याकडे नॅपकिन आहे ह्याचा मला तोरा होता.

आणि सरांचा राउंड सुरू व्हायचा तो सेप्टिक वॉर्डापासून. चिघळलेल्या जखमा, सडलेले पाय, ते सगळं आधी. का, तर घाणीचं काम पहिल्यांदा उरकून टाकावं. तिथून तेच तसराळं गडगडत आमच्या बाळंतिणींकडे. मधे पाणी बदलायची सोय नव्हती. एकदा मावशीनं आपल्या मनानं बदललं, तेवढ्यापुरतं सरांना ताटकळावं लागलं, तर सर तिच्यावर असे खेकसले की त्यानंतर राउंड संपेपर्यंत तसराळ्याला हात लावायचा नाही असा नियमच झाला.

तुम्ही हे बघितलंत आणि कपाळावर हात मारलात. सरांच्या केबिनमध्ये जाऊन सांगून आलात. बाहेर आलात तेव्हा चेहरा लाल. "काय म्हणाले?" मी विचारलं. "म्हणाले, तुम्ही शाळेत जात होतात तेव्हापासून मी ह्याच पाण्यात हात बुडवतोय." आणि मग आपण दोघी जिन्याखालच्या त्या खोलीत बसून पोट धरून हसलो. तेव्हा हसता येत होतं.

मग त्या पावसाळ्यात सिझेरियनचे टाके पिकायला लागले. आधी एकीचे, मग शेजारच्या खाटेवरचीचे, मग समोरचीचे. हिरवट पू आणि तो विचित्र गोडसर वास. तुम्ही वॉर्डात आलात की आधी नाकानं श्वास घ्यायचात आणि मग खाटेकडे वळायचात. इगतपुरीकडची ती पोरगी तुम्हाला आठवत असेलच. पहिलटकरीण, नवरा रेल्वेत गँगमन. मुलगा झाला म्हणून तो भिजत भिजत पेढे घेऊन आला होता, माझ्या हातावर त्यानं दोन ठेवले. ती पोरगी आपल्या हातातून गेली. तिला ताप चढला आणि उतरलाच नाही. नवऱ्यानं बाळ कुंचीत गुंडाळून नेलं, आणि जाताना कुणाला एक शब्द बोलला नाही. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

तुम्ही त्या दिवसापासून झपाटल्यासारख्या हिंडलात. सगळीकडची तपासणी. टाक्यांतला पू, खाटा, दारं, आमच्या नाकातसुद्धा काड्या घातल्यात. तसराळ्यातलं पाणी राउंडच्या आधी आणि राउंडनंतर. माझा नॅपकिन. औषधाची मूळ बाटली. आणि मग एका दुपारी मला हाक मारलीत आणि सगळ्या प्लेटा टेबलावर मांडून ठेवल्यात. सेप्टिक वॉर्डातल्या म्हाताऱ्याच्या पायातला जंतू, राउंडनंतरच्या पाण्यातला, नॅपकिनवरचा, आणि त्या पोरीच्या टाक्यातला, एकच. मलाही दिसत होतं, तोच हिरवा रंग. मग तुम्ही दुसऱ्या दोन प्लेटा पुढे सरकवल्यात. "ही औषधाची बाटली. हे मावशीनं सकाळी कालवलेलं ताजं पाणी. बघ, काही उगवलंय का?" काही नव्हतं. लख्ख. "मावशी पाणी बरोबर कालवते. पाणी नासतं ते सेप्टिक वॉर्डात हात बुडाले की. सरांच्या हातांतून हे आत आलंय, पुष्पा."

मॅडम, हे तुमचे शब्द. मी माझ्या पदरचं एक अक्षर घातलेलं नाही.

मग मीटिंग झाली. ट्रस्टी, सर, दोन-तीन मोठे डॉक्टर आणि तुम्ही. आम्हा सिस्टरांना कोण विचारतो? मी बाहेर पॅसेजमध्ये उभी. आतून सरांचा आवाज चढलेला ऐकू येत होता, मग एकदम बंद झाला. बराच वेळ गेला. तुम्ही बाहेर आलात आणि माझ्याकडे न बघता म्हणालात, "कमलमावशीला बोलाव."

मला वाटलं, साक्षीला बोलावताय.

ऑफिसात तुम्ही खुर्चीवर, मावशी उभी, मी दाराशी. तुम्ही शांतपणे म्हणालात, "मावशी, औषधाचं माप तुमच्या हातून कमी पडत होतं. त्यामुळे पाण्यात जंतू झाले." मावशीचं तोंड उघडंच राहिलं. "पोलिसांत जाणार नाही हे, ते मी बघितलंय. पण तुम्हाला इथं ठेवता येणार नाही." आणि ती बाई तुमच्या पाया पडली हो. "उपकार झाले मॅडम, उपकार झाले." तुम्ही पाय मागे घेतलेत. तेवढं मी बघितलं.

त्या संध्याकाळी लॅबमध्ये मी तुमच्याशी भांडले, तसं त्याआधी कधी कुणा डॉक्टरशी भांडले नव्हते.

"त्या दोन प्लेटा दाखवल्यात का आत?"

"नाही."

"का नाही?"

"कारण दाखवल्या असत्या तर सर त्याच दिवशी हॉस्पिटल सोडून गेले असते, त्यांच्यामागे त्यांचे पेशंट. ट्रस्टींनी माझी लॅब बंद केली असती. आणि सर गेले नसते, तर तसराळं तिथंच राहिलं असतं. त्यांनी अट घातली, म्हणाले, माझ्या हातांवर आळ यायला नको, आयाची चूक म्हणा, मग तसराळं काढा आणि तुमचं काय ते करा. मला नळ हवेत, पुष्पा. प्रत्येक वॉर्डात, प्रत्येक दाराशी. सांग, काय करू मी?"

"खरं सांगा."

"आणि अजून चार बाया मरू देऊ?"

तुम्ही त्या प्लेटा उचलून स्वतःच्या हातानं वाफेवर जंतू मारायच्या ऑटोक्लेव्हमध्ये टाकल्यात आणि झाकण घट्ट फिरवलंत.

मी धावत सीबीएसच्या एसटी स्टँडवर गेले. मावशी नांदगावच्या गाडीची वाट बघत बसली होती, माहेरी भाऊ होता तिचा. मी तिला हात धरून सांगितलं, "मावशी, तुमची काही चूक नाही. मी प्लेटा बघितल्यात." तिनंच मला थोपटलं. "असू द्या सिस्टर. तुमचं मन लय मोठं हाय." तिला वाटलं, मी समजूत घालतेय. डॉक्टरीणबाईनं सांगितलेलं खोटं असू शकतं, हे तिच्या डोक्यात शिरेचना.

नळ आले, मॅडम. खरं सांगायचं तर भराभर आले. कोपरानं उघडायचे लांब दांड्यांचे नळ, प्रत्येक वॉर्डाच्या दाराशी. पहिल्या नळाला फुलांची माळ आणि रिबीन, आणि ती कापायला कोण? मोठे सर! मी तुमच्याकडे बघितलं, तुम्ही टाळ्या वाजवत होतात. दर महिन्याला समितीची मीटिंग, आणि त्यात मला खुर्ची. "तुला लोक घाबरतात म्हणूनच तू हवीस," म्हणालात, आणि मला वॉर्डातून उचलून इन्फेक्शन कंट्रोलची सिस्टर केलंत. शनिवारी थिएटरात फॉर्मलीनचा धूर कोंडायचा आणि सोमवारी सगळ्यांनी डोळे चोळत ऑपरेशनं करायची, ती रीत तुम्ही मोडलीत. आयसीयूबाहेर चपलांचा ढीग आणि आत सगळे अनवाणी, पण हात कुणाचेच धुतलेले नाहीत, ह्यावरून तुम्ही ट्रस्टींना सरळ सुनावलंत, "पायानं पेशंट तपासता का हो तुम्ही?" रामकुंडाचं तीर्थ घेऊन नातेवाईक यायचे. मी हाकलायला धावले, तुम्ही मला अडवलंत. त्या आजोबांना म्हणालात, "बाबा, कपाळाला लावा, डोळे मिटून लावा. फक्त तोंडात नको आणि टाक्यांवर नको." ते तुम्हाला हात जोडून गेले. मला ती हातोटी कधी जमली नाही.

आयांना शिकवायची तुमची ती युक्ती तर मी जन्मभर विसरणार नाही. सकाळी एकीच्या उजव्या हाताला कुंकू फासायचं आणि रोजची कामं करू द्यायची. दुपारी सगळ्यांनी मिळून कुंकू शोधायचं. दाराची कडी, खाटेचा कठडा, सलाइनचा स्टँड, स्वतःचा पदर, आणि एका तान्ह्याच्या गालावर! बायका हसून हसून लोळल्या आणि लगेच नळाकडे पळाल्या. एकदा एक विधवा आया हात पुढे करेना. तुमच्या लक्षात आलं, दुसऱ्या दिवसापासून कुंकवाऐवजी कपड्यांची नीळ आणलीत. असं सगळं तुम्हाला दिसायचं. एवढं बारीकसारीक बघणाऱ्या बाईला नांदगाव कसं दिसलं नाही, हेच माझं डोकं पिकवतं.

टाके पिकायचे थांबले. मग सातपूरची, मालेगावची हॉस्पिटलं तुम्हाला भाषणाला बोलवायला लागली, मी तुमची पेटी घेऊन मागे. किती बायका धड पोटानं घरी गेल्या, त्यांना कधी कळणार नाही की आपण वाचलो. त्याबद्दल मी तुमच्या पायाचं तीर्थ घ्यायला तयार आहे. कपाळाला लावीन, तोंडात नको! पण प्रत्येक भाषणात तुम्ही म्हणायचात, "चूक माणसाची नसते, पद्धतीची असते," आणि मागे बसलेली मी दात-ओठ खायची. परतीच्या गाडीत आपलं ठरलेलं भांडण. मी म्हणायची, मावशीला एकदा खरं सांगा. तुम्ही म्हणायचात, सरांना निवृत्त होऊ दे. सर निवृत्त झाले. मग तुम्ही म्हणालात, हॉस्पिटलच्या सर्टिफिकेटसाठी बाहेरचे तपासनीस यायचेत, आता जुनं उकरलं तर सगळं मुसळ केरात.

मग मी भाच्याच्या लग्नाला नांदगावला गेले आणि मावशीला शोधून काढलं. तिची लेक नुकतीच बाळंत झालेली. मावशी अंगणातल्या चुलीवर डिंकाचे लाडू वळत होती, पण बाळंतिणीच्या खोलीत पाऊल टाकत नव्हती. बाळाला न्हाऊ घालायला शेजारीण, लेकीला शेक द्यायला शेजारीण. मी म्हटलं, "अहो, तुमची लेक ना ती?" तर म्हणते, "माझा हात नको बाळंतिणीला, सिस्टर. माझ्या हातानं एक गेली ना. त्या दिवसापासनं मी त्या खोलीत जात नाय." आत लेक रडत होती. तिला वाटत होतं, मुलगी झाली म्हणून आईला राग आलाय.

मी येऊन हे तुम्हाला जसंच्या तसं सांगितलं. तुम्ही चष्मा काढून ठेवलात. मग म्हणालात, "ती खरंच तसं मानते? मला वाटलं होतं, तिला आतून ठाऊक असेल." कसं ठाऊक असणार, मॅडम? तिच्याकडे काय लॅब होती? "मी जाते. स्वतः जाऊन सांगते," म्हणालात. माझ्या जिवात जीव आला. मी दुसऱ्या दिवशी गाडीची चौकशीही करून आले.

त्याला किती वर्षं झाली, ते सोडा. आधी तपासनीस होते. मग कुठली तरी परिषद. मग गुडघे. मग तुम्ही निवृत्त झालात, आता तर मोकळ्या आहात म्हटलं, तर किडनी बिघडली. प्रत्येक कारण खरं होतं, हीच तर पंचाईत. मोठ्या सरांपुढे उभं राहायला तुम्हाला भीती वाटत नव्हती, ट्रस्टींना तुम्ही भीक घालत नव्हतात. मावशीच्या अंगणात जाऊन "मी खोटं बोलले" एवढं म्हणायला तुमची जीभ रेटेना.

शेवटी गंगापूर रोडच्या घरी तुम्हाला भेटायला आले, तेव्हा दारातच ओरडलात, "हात धुतलेस का?" धुतले होते. हॉस्पिटलात न्यायचं नाही असं सगळ्यांना बजावून ठेवलं होतंत. "तिथल्या आयसीयूत काय काय उगवतं, माझ्याएवढं कुणाला माहीत!" आपण दोघी हसलो. तुमचे हात किती सुकले होते. मी साय लावावी तसं क्रीम लावत बसले आणि विषय काढला. काढायला नको होता असं तुमच्या बहिणीच्या चेहऱ्यावर दिसत होतं. काढला.

"तू सांग ना गं तिला."

"माझं कुठं ऐकते ती. तुमचंच ऐकेल. फोन लावू? तिच्या मुलाकडे मोबाइल आहे."

तुम्ही डोळे मिटलेत. "असलं फोनवर नको. समोरासमोर बोलायला हवं. जरा बरं वाटू दे."

मॅडम, तुम्हाला बरं वाटणार नव्हतं. ते तुम्हाला माहीत होतं आणि मलाही.

म्हणून परवा सभेत मला दोन शब्द बोला म्हणाले, तेव्हा मी उभी राहिले आणि सांगून टाकलं. म्हटलं, "ह्या हॉस्पिटलातले नळ एका बाईच्या बदनामीवर उभे आहेत, तिचं नाव कमल. तिची काही चूक नव्हती आणि मॅडमना ते माहीत होतं." सर काठीच्या मुठीकडे बघत बसले. मग सूत्रसंचालक पुढे झाला, माझ्या हातातून माइक हळूच काढून घेतला आणि म्हणाला, "सिस्टर फार भावुक झाल्या आहेत, आपण समजू शकतो." संपलं. जागेवर येऊन बसले तर ती नवी सिस्टर विचारते, "कमल कोण हो?"

काल सकाळची गाडी पकडून मी नांदगावला गेले. तुम्ही जायला हव्या होतात तिथं.

मावशी आता थकलीय. दात पडलेत, दारात बसून मेथी निवडत होती. सून नऊ महिन्यांची पोटुशी, आतबाहेर करत होती. मी सांगितलं, मॅडम गेल्या. मावशीनं पदर तोंडाला लावला आणि हमसून हमसून रडली. घरचं माणूस गेल्यासारखी. "देवमाणूस होत्या. मला जेलात नाय जाऊ दिलं त्यांनी."

मग मी बसले आणि तिला सगळं सांगितलं. हळूहळू, दोनदा. म्हाताऱ्याचा पाय, सरांचे हात, नासलेलं पाणी. तिनं सकाळी कालवलेलं पाणी स्वच्छ होतं, बाटली स्वच्छ होती, हे तर शपथेवर सांगितलं. ती मेथी निवडायची थांबली.

"हे मॅडम बोलल्या तुमाला?"

"हो. तेव्हाच."

"मंग मला का नाय बोलल्या?"

मी नळांचं सांगितलं. तुमची बाजू मांडली, मॅडम, तुमच्यापेक्षा चांगली मांडली असेल. मावशीनं सगळं ऐकून घेतलं आणि मान हलवली. "नाय सिस्टर. एवढ्या शिकलेल्या बाई, त्या खोटं कशाला बोलतील? घाईत माझंच माप चुकलं असंल. त्या आता नायत, आता त्यांना नावं नका ठेवू."

दारात सून उभी होती. तिनं सगळं ऐकलं होतं. ती म्हणाली, "आई, सिस्टर एवढ्या नाशकाहून सांगायला आल्यात. मला आई नाय, तुमाला माहितीये. माझ्या वेळी तरी आत या ना."

मावशीनं तिच्याकडे बघितलं, मग खाली मेथीच्या काड्यांकडे.

"मॅडमनी सांगितलं असतं तर आले असते गं," म्हणाली.